बदली बाईचा पहिला हिवाळा

सहा वर्षांनी यंदा रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मी गावी आहे. सकाळी सहा वाजता गल्लीतून हाक जाते, "चाला वो, उशीर होऊन राहिला!" आणि दारादारांतून बाया निघतात. डोक्यावर मेणकापड, हातात डबा, एखादीच्या कमरेला खोचलेल्या मोबाइलवर छत्तीसगढी गाणं. बोदलकशाच्या तलावाकडून वारा येतो आणि त्याबरोबर उपटलेल्या पऱ्ह्यांचा, भाताच्या कोवळ्या रोपांचा वास येतो. हिरवा, किंचित गोडूस, मुळांना चिकटलेल्या गाळाचा वास. बांधीत, पाणी भरलेल्या धानाच्या तुकड्यात, उतरलेल्या बाया वाकतात आणि रोवत रोवत मागे सरकू लागतात. केलेलं काम सतत डोळ्यांपुढे आणि जायचं ते पाठीमागे. लहानपणी मला वाटायचं, या मागे न बघता कशा बरोबर धुऱ्यापाशी, शेताच्या बांधापाशी येऊन थांबतात?

बाबा धुऱ्यावर उलट्या घमेल्यावर बसलेले असतात. चौऱ्याहत्तर वर्षं झाली. गुडघे वाकत नाहीत, म्हणून बांधीत उतरत नाहीत. पण आले नाहीत असा एक दिवस नाही. मी शेजारी छत्री धरून उभी राहते आणि त्यांना ती नको असते.

"सरक वो बाई थोडी. दिसून नाई राहिला काई."

आमच्याकडे लेकीला लाडानं 'बाई' म्हणतात, आणि मास्तरणीलाही बाईच म्हणतात. अकरा वर्षं मी तिरोड्याच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायची. त्यामुळे बाबांच्या तोंडून येणाऱ्या 'बाई'त माझे दोन्ही जन्म असायचे.

जुलै म्हटलं की इथं कुणालाही ओल आठवेल, चिखल आठवेल. मला मात्र थंडी आठवते. बोटांची टोकं बधिर होतात तशी. सकाळी साडेसहाचा काळा अंधार, स्वयंपाकघरातला एकच दिवा, टेबलावर उताणा ठेवलेला फोन, आणि त्याच्यासमोर कोट घालून बसलेली मी. कारण परदेशातला माझा पहिला जुलै भर हिवाळ्यातला होता.

*

माझे यजमान सुनील नोकरीसाठी वर्षभर आधी मेलबर्नला गेले होते. मागून मार्च महिन्यात मी आणि पाच वर्षांची ओवी पोचलो. शाळेचा राजीनामा देताना मला फार काही वाटलं नव्हतं. शिक्षक कुठंही शिक्षकच, असं मी सगळ्यांना सांगत होते. फुलचूरला सासरच्या घरी निरोपाला आलेल्या बायकांपैकी एकीनं विचारलं होतं, "वहाँ जाके क्या करोगी?" आणि मी म्हणाले होते, "पढ़ाऊँगी, और क्या." इतकं सोपं वाटत होतं.

तिथं गेल्यावर कळलं की शिकवायला आधी नोंदणी लागते. नोंदणीला कागद लागतात आणि ते कागद माझ्या बाबांच्या पायांनी गोळा होणार होते. शाळेच्या अनुभवाचं पत्र, गुणपत्रिकांच्या शिक्क्याच्या प्रती, बंद लिफाफे. तिरोड्याहून सकाळची गाडी धरून बाबा तीनदा नागपूरला गेले. आयुष्यभर धान पिकवलेला माणूस, इंग्रजी कागदावर कुठं काय लिहिलंय हे न कळणारा. पण प्रत्येक लिफाफ्याचा फोटो पाठवून ते विचारायचे, "हाच होय न? बरोबर पाहा. घाई नोको करू."

नोंदणी झाली तेव्हा जून संपत आला होता. मी त्यांना सांगितलं, आता मला बदली शिक्षिकेचं काम मिळू शकतं.

"बदली म्हणजे का? तुले दुसऱ्या गावाले धाडतीन?"

"तशी बदली नाही बाबा. कुणी शिक्षक आजारी पडला की त्या दिवसापुरतं दुसऱ्याला बोलावतात. सकाळी फोन येतो."

"म्हणजे रोजानं?"

"हो. रोजानं."

 मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. अकरा वर्षं कायम नोकरी असलेली मुलगी, आता रोजानं. पण ते म्हणाले, "बरं हाय. रोवणीच्या बायाइले आपण कसं बलावतो? हात चांगला असन तं पुढच्या साली पहिले तिलेच निरोप. तुलेही तसंच बलावतीन."

*

जुलैच्या मध्यावर तिथल्या शाळांचं तिसरं सत्र सुरू झालं. हिवाळ्याचं सत्र. या दिवसांत तिथं सर्दीतापाची साथ असते. शिक्षक धडाधड आजारी पडतात आणि बदली शिक्षकांना मागणी असते, असं सगळे सांगत होते. मी एका संस्थेत नाव दिलं. शिवाय चालत जाता येईल अशा प्रत्येक शाळेत जाऊन स्वतःच्या माहितीचा कागद ठेवून आले. बहुतेक ठिकाणी ऑफिसातली बाई हसून कागद घ्यायची आणि एका ट्रेमध्ये टाकायची. ट्रेमध्ये माझ्यासारखे बरेच कागद असायचे.

एका शाळेत मात्र ग्लोरिया नावाची, साठीच्या आसपासची बाई होती. तिनं कागद घेतला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कागद सगळेच देतात. मला सांग, लहान मुलांची नाकं पुसायची तयारी आहे का?"

"अकरा वर्षं पुसली आहेत," मी म्हणाले.

ती मोठ्यानं हसली. कागदावर पेननं काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "एक ऐक. फोन आल्यावर आवरायला घेऊ नकोस. आवरून फोनची वाट बघ. इथं अर्ध्या मिनिटात काम दुसऱ्याकडे जातं."

ते मला लवकरच कळलं. पहिल्याच आठवड्यात मी ओवीचं दूध गरम करत असताना फोन वाजला. हात पुसून उचलेपर्यंत बंद झाला. उलट फोन केला तर पलीकडून नम्र आवाज आला, "धन्यवाद, जागा भरली."

तेव्हापासून मी रोज साडेसहाला तयार. शाळेचे कपडे, बूट, कोट. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, गोष्टीची दोन पुस्तकं, रंगीत खडू. फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवायचा आणि समोर बसायचं. सुनील चहा ठेवायचे आणि आंघोळीला जायचे. खिडकीबाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फाचा पातळ पापुद्रा असायचा आणि लोक तो कार्डानं खरवडून काढायचे. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. फोन न वाजणाऱ्या सकाळी दुसरे सगळे आवाज फार स्पष्ट ऐकू येतात.

पावणेनऊला मी तशीच शाळेच्या कपड्यांत ओवीला तिच्या शाळेत सोडायला जायची. फाटकाशी एका आईनं विचारलं, "तुम्ही इथं शिकवता?" मी म्हणाले, "इथं नाही." खोटं नव्हतं ते. पण घरी येईपर्यंत ते दोन शब्द माझ्या पायांत घोटाळत राहिले. नऊ वाजून गेले की त्या दिवसाची शाळा माझ्यासाठी सुरू न होताच संपायची. मी कपडे बदलायची, ते पुन्हा हँगरला लावायची, आणि डबा एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून खायची.

*

सत्राच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी साडेपाचला बाबांचा फोन आला. तिथं दिवस मावळलेला, इथं दुपारचा एक. रोवणीची जेवणाची सुट्टी. व्हिडिओ नाही, नुसता आवाज, कारण बांधीवर नेट तुटायचं. मागे बायांचा गलका, कुणाच्या तरी डब्याचं झाकण, बेडूक.

"काऊन वो बाई, गेलती का आज शाळेत?"

त्या आवाजात इतका भरवसा होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "हो बाबा, गेले होते."

"कितवी?"

"चौथी."

"किती लेकरं?"

"बावीस."

"बस, बावीसच!" आणि फोन बाजूला धरून त्यांनी धुऱ्यावरच्या सगळ्यांना सांगितलं, "आमची बाई गेली आज शाळेत. बावीस पोट्टे हायेत वर्गात!" मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि बाबांनी ते मला सांगितलं, "हे सुमनबाई म्हणून राहिली, बावीस पोट्ट्यांसाठी विमानानं कायले गेली? आपल्या गल्लीत तेवढे हायेत."

मीही हसले. फोन ठेवला आणि हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज का शिकवलं?" मी म्हणाले, अपूर्णांक. चौथीची बाई लांब रजेवर आहे, म्हणून रोज तोच वर्ग, असंही सांगून टाकलं. मग त्या वर्गाला मुलं हवी होती. मी मुलं तयार केली. बाकाखाली पुस्तक धरून वाचणारी लाल केसांची एमिली. एकमेकांची उत्तरं सांगणाऱ्या जुळ्या बहिणी. प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणारा टॉम. बाबांना टॉम फार आवडला. "आज त्या टॉमनं का इचारलं?" हे ते न चुकता विचारायचे, आणि दिवसभर मी टॉमसाठी प्रश्न शोधत असायची. आकाश रात्री कुठं जातं? पाण्याला चव का नसते? नावं चुकू नयेत म्हणून मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती. भांडी घासताना त्या मुलांना मनातल्या मनात अपूर्णांक शिकवत असायची. खोटं बोलण्याची लाज वाटायची. आणि दिवसातला तेवढाच एक तास मी शिक्षिका असायची, हेही खरं.

सुनीलना सगळं ऐकू जायचं. एकदा त्यांनी विचारलं, "का सांगतेस असं त्यांना?"

"रोवणीचे दिवस आहेत. त्यांना घोर नको."

"घोर त्यांना होईल की तुला?"

मी उठून भांडी घासायला घेतली. चौथ्या आठवड्यात त्यांनी एक अर्ज आणून टेबलावर ठेवला. त्यांच्या सहकाऱ्याची बायको भाज्या पॅक करण्याच्या गोदामात जायची, तिथला. "नुसता भरून ठेव," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, काळजी होती. त्या कामात कमीपणा नव्हता, हे मला कळत होतं. आम्ही मातीत हात घालणाऱ्यांची लेकरं. पण 'आधीचा व्यवसाय' या रकान्यात 'शिक्षिका' लिहिताना आधीचा हा शब्द इतका मोठा वाटला की मी पेन खाली ठेवलं. सही तेवढी राहिली.

*

खरं काम देणारा पहिला फोन आला तो त्याआधीच, तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी. पाचवीचा वर्ग. मी धावत गेले.

दुसऱ्याच्या वर्गात शिरणं ही एक वेगळीच गोष्ट आहे. फळ्यावर दुसऱ्याचं अक्षर. टेबलावर दुसऱ्याच्या नावाचा कप. मुलांना माहीत असतं की कात्र्यांची टोपली कुठं आहे, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, कोणत्या आवाजाला गप्प व्हायचं. आपल्याला काहीच माहीत नसतं, आणि हे त्यांना पहिल्या मिनिटात कळतं. तिरोड्यात मी वर्गात पाऊल टाकलं की साठ मुलं उठून उभी राहायची. इथं मी "गुड मॉर्निंग" म्हणाले तेव्हा निम्म्यांनी वर पाहिलं.

हजेरी घेताना एका नावाला दुसऱ्यानंच "हो" म्हटलं. मग तिसऱ्यानं. त्यांनी आपसांत नावं बदलली होती हे मला दुपारी कळलं. साडेदहाला एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "मिस, आता आमची सुट्टी असते." सगळ्या वर्गानं मान डोलावली. मी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं नाही. विश्वास ठेवला. दहा मिनिटांनी मुख्याध्यापक मैदानात आले तेव्हा सगळी शाळा वर्गात होती आणि माझा एकटा वर्ग बाहेर थंडीत बॉल खेळत होता.

ते रागावले नाहीत. "पहिल्या दिवशी असं होतं," म्हणाले. ते सौजन्य मला जास्त लागलं. दिवस संपल्यावर सही करून निघाले, आणि बस न पकडता चालतच घरी आले. वाटेत लोकांच्या अंगणांत लिंबांनी वाकलेली झाडं होती. अकरा वर्षं मी पोरांना शिकवलं की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. इथं सूर्यही उत्तरेकडून जात होता.

साडेपाचला फोन वाजला.

"काऊन वो बाई, गेलती का?"

"आज सुट्टी होती बाबा," मी म्हणाले.

तोपर्यंत खरोखर शाळेत गेलेला तो एकच दिवस, आणि त्याच दिवशी मी त्यांना सुट्टी सांगितली. त्या शाळेनं मला पुन्हा बोलावलं नाही.

*

पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी सात वाजून दहा मिनिटांनी फोन आला. संस्थेचा नव्हता.

"ग्लोरिया बोलतेय. नाकं पुसायला येतेस का?"

बालवर्गाच्या वरचा वर्ग होता, पाच-सहा वर्षांची मुलं. त्यांची शिक्षिका तापानं पडली होती. या वेळी मी आधी भिंतीवरचं वेळापत्रक वाचलं. दोनदा. मग मुलांना गालिच्यावर बसवलं आणि सांगितलं, "मला तुमच्या वर्गातलं काहीच माहीत नाही. तुम्ही मला शिकवाल का?" एकदम वीस हात वर गेले. त्यांनी मला पाण्याच्या बाटल्या कुठं ठेवायच्या ते शिकवलं, मासे कधी खातात ते शिकवलं, कोण कुणाचा जिवलग मित्र आहे ते शिकवलं.

एकच मुलगी हात वर न करता दाराशी उभी होती. मिरियम. आई-वडिलांबरोबर नुकतीच दुसऱ्या कुठल्या देशातून आलेली, शाळेत दुसराच आठवडा. तिनं कोट काढला नव्हता. मदतनीस बाई म्हणाली, "ती काढतच नाही. बोलतही नाही. राहू द्या."

मी राहू दिलं. दुपारी मुलं चित्रं काढत होती तेव्हा मी तिच्याजवळ खाली बसले. मलाही त्या वर्गात ऊब लागत नव्हती. मीही कोट घालूनच होते.  मग तिनं माझ्या कोटाच्या चेनकडे बोट केलं. ती अर्ध्यात अडकली होती, मला ती कधीच नीट जमायची नाही. चेनवाला कोट मी त्या हिवाळ्यातच पहिल्यांदा घातला होता. मी ओढून दाखवली, हलेना. तिनं दोन्ही हातांनी धरली, जीभ दातांत धरून खाली ओढली आणि चेन सुटली. मी कोट काढला. मग तिनं स्वतःचा काढला, नीट घडी केली, आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला.

एक शब्द झाला नव्हता. मला वाटलं, त्या एका कृतीनं कुणीतरी गोदामाच्या अर्जातला 'आधीचा' हा शब्द खोडला.

त्यांची शिक्षिका लवकर बरी झाली नाही. सोमवारी मला पुन्हा बोलावलं. पण सोमवारी मिरियमची खुंटी रिकामी होती. व्हरांड्यात प्रत्येक मुलाच्या नावाची खुंटी असते, दप्तर आणि कोट अडकवायला. दिवसभर मी काहीही करत असले तरी नजर त्या खुंटीकडे जायची. ऑफिसात दोनदा जाऊन विचारलं. ताप आला होता तिला, आईचा फोन आला होता.

संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे टॉमची चौकशी केली. त्या दिवशी मला टॉमसाठी प्रश्न सुचला नाही. मी म्हणाले, "बाबा, आता माझ्याकडे दुसरा वर्ग आहे. लहान पोरांचा. त्यातली एक मुलगी आज आली नाही. ताप आहे म्हणे. मला काही सुचून नाही राहिलं."

मी अचानक त्यांच्या बोलीत बोलले होते. पलीकडे बाबांनी बायांचा गलका थांबवला.

"काऊन नाई आली?" त्यांनी विचारलं. "घरी पाहणारं कोणी हाय न तिच्या?"

"आई आहे."

"मंग येईन. दोन दिवसांत येईन पाहा."

ती तिसऱ्या दिवशी आली. कोट खुंटीला लावला, आणि थेट माझा हात धरून मला माशांच्या पेटीपाशी घेऊन गेली, कारण तिच्यामागे मासे उपाशी राहिले असतील अशी तिला शंका होती.

तो वर्ग माझ्याकडे दोन आठवडे राहिला. मग ग्लोरियाचे फोन येत गेले, मग तिनं सांगितलेल्या दुसऱ्या शाळेचे. गोदामाचा अर्ज खणात तसाच राहिला. पुढच्या वर्षी त्याच शाळेनं वर्षाचा करार दिला आणि त्यानंतर कायम केलं. आता माझ्या टेबलावर माझ्या नावाचा कप असतो. मी आजारी पडले की कुणीतरी नवखी, घाबरलेली मुलगी येऊन माझ्या जागी उभी राहते. तिच्यासाठी मी टेबलावर एक चिठ्ठी ठेवते: सुट्टी अकराला असते, त्यांनी काहीही सांगितलं तरी.

*

हे सगळं बाबांना सांगायचं राहून गेलं होतं. जसजशी वर्षं गेली तसतसं ते खोटं लहान होत जायला हवं होतं, पण ते लहान झालं नाही. टॉम मोठा झाला नाही, एमिली मोठी झाली नाही. ती बावीस मुलं माझ्या मनात कुठंतरी चौथीतच बसून होती.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाया धुऱ्यावर बसल्या होत्या. बाबा आणि मी थोडे लांब, मोहाच्या झाडाखाली. आभाळ उघडलं होतं आणि बांधीतल्या पाण्यात ढग पांढरे पडले होते. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. मला राहवलं नाही.

"बाबा, एक सांगायचं आहे. मी गेल्यावरचा पहिला हिवाळा. मी तुम्हाला रोज सांगायची न, चौथीचा वर्ग, टॉम. तसं काही नव्हतं. मी घरीच होते. महिनाभर खोटं बोलले मी."

ते चावत राहिले. घास गिळून म्हणाले, "मले मालूम होतं."

"कसं काय?" मी विचारलं.

"अकरा साल तू तिरोड्याच्या शाळेत गेली. रोवणीच्या दिवसांत घरी आली का तुझं एकच बोलणं. आज हा नाई आला, आज ते नाई आली, तिले मायनं रोवणीले नेलं, त्याच्या घरी जाऊन येतो. जे आले त्याइचं तू कधी बोललीच नाई. जे नाई आले त्याइचंच बोलायची." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आन् तिकडं गेल्यावर महिनाभर तुझ्या वर्गात बावीसच्या बावीस हजर. एक पोट्टं घरी राहिलं नाई. अशी शाळा असते का कुठं?"

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"एक दिवस तू म्हटलं, आज सुट्टी होती. बुधवारची कायची सुट्टी? आन् आवाज असा रडका. मी तुझ्या मायले म्हटलं, आज गेली वाटते खरी शाळेत." ते हसले. मग हसू ओसरलं. "आन् मंग एक दिवस तू म्हणाली, एक पोरगी आली नाई. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवलो."

धुऱ्यावरच्या बाया उठू लागल्या होत्या. कुणीतरी पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीत भिरकावत होतं, पाणी उडत होतं.  मी विचारलं, "मग रोज फोन करून टॉमचं का विचारायचात? माहीत असून?"

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडे न बघता, बांधीकडे बघत म्हणाले,

"तू रोज फोनवर शाळा भरवून राहिली होती, बाई. भरल्या शाळेले मी कायले सुट्टी देऊ?"